मोरवेळच्या झडीचे डोळे

आमच्या मोरवेळ गावात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घराच्या दर्याकडच्या बाजूला झावळ्यांची झड, म्हणजे पावसावाऱ्याचा आडोसा, बांधतात. तशी ती सगळ्या किनाऱ्यावर बांधतात. पण आमच्या झडीला गुडघ्याइतक्या उंचीवर दोन भोके असतात. त्यांना आम्ही डोळे म्हणतो. पाहुणे विचारतात, इतके खाली का? उभ्या माणसाला तर काहीच दिसत नाही. त्याचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी इथे सटू तांडेल होता. चाळीस वर्षे त्याने गावाच्या होड्या हाकल्या. मग कमरेखालचे अंग गेले आणि तो बाजेवर पडला. आगोट आली. त्याची सून तानी झड बांधू लागली, तसे घर अंधारले. म्हातारा म्हणाला, "गो तानी, जिवंतपणी माका पेटाऱ्यात घालतंस काय?"

तानीने हात थांबवला. बाजेशेजारी बसून म्हाताऱ्याच्या नजरेचा अंदाज घेतला आणि तेवढ्या उंचीवर झड उसवून दोन डोळे ठेवले.

शेजारचा गुणाजी हसला. "गे, झड विणलंस काय जाळां? म्हातारो भिजतलो!"

"मामंजी माझे," तानी म्हणाली. "भिजले तर मी पुसतलंय."

मिरगाला आठ दिवस होते. गावाने झडी बांधल्या, छपरे सुंभाने आवळली, लाकूडफाटा आत घेतला. दर्याकडे पाहणारे कोणी उरले नाही. एका दुपारी सटू ओरडला, "वारो नाय आणि लाट इतकी लांब? वादळ येतला. तानी, गावाक सांग. होड्ये वर काढा. पोरांका घेवन सड्यार चला."

तानी दारोदार धावली. गुणाजी घरी येऊन म्हणाला, "तांडेलानू, भोकातसून वादळ दिसला?" सटूने नुसते झडीच्या डोळ्याकडे बोट दाखवले. गुणाजी वाकला, डोळ्याला डोळा लावला. उठला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते, म्हणे.

मग पळापळ झाली. होड्या ओढल्या, पोरे गावामागच्या उंच सड्यावर गेली. वारा सुटला होता. सटू म्हणाला, "माका ठेवा. तानी, तू चल." तानी बाजेचा पाय धरून बसली. ती हलेना.

तेवढ्यात गुणाजी तीन माणसे घेऊन आला. "माका ठेवा म्हणतंय ना?" सटू गरजला.

"इतकी वर्सां तुमी हाकलात," गुणाजी म्हणाला, "आज आमी हाकतो. गप पडा." चौघांनी बाज उचलली.

त्या वादळात माणूस एकही गेले नाही. घर एकच गेले, सटूचे. दर्याने जोत्यासकट नेले.

तो पावसाळा सटूने लोकांच्या घरी काढला. प्रत्येक घरी आठ दिवस. तो येणार त्या घरची बाई आदल्या दिवशी आपली झड उसवी आणि बाजेच्या उंचीवर डोळे ठेवी. पावसाळा सरेपर्यंत सगळ्या गावाच्या झडींना डोळे झाले. पुढल्या आगोटीला सटू नव्हता. पण डोळ्यांशिवाय झड बांधायला कोणाचा हात धजावला नाही, असे सांगतात.

आजही आमच्याकडे आधी बाज मांडतात. घरातले सर्वांत म्हातारे माणूस तिच्यावर आडवे होते. दर्या दिसतो का, असे त्या माणसाला विचारतात. ते होय म्हणाले, की मगच शेवटची गाठ मारतात.

यंदा आमच्या सुनेने मला विचारले. दर्या मला पहिल्याच वेळी दिसला होता. तरी तिने पुन्हा विचारावे म्हणून मी तिला दोन वेळा झड सरकवायला लावली.