खाडी चुकवणारा तांडेल

फार वर्षांपूर्वी, जहाजं निव्वळ वाऱ्यावर चालायची त्या काळी, खारवेळी गावात हिरोजी तांडेल राहायचा. होडीवरच्या माणसांचा म्होरक्या. धुकं असो की वादळ, गावच्या खाडीचं तोंड त्याने कधी चुकवलं नाही, असं म्हणतात.

हा हिरोजी आणि वाडीतला पांडू एकदा गोऱ्यांच्या गलबतावर चढले आणि देवमासे मारायला पार उत्तरेच्या टोकाला गेले. तिथे बर्फाने गलबत सुपारीसारखं फोडलं. अकरा जण किनाऱ्याला लागले. फळ्यांची खोपी बांधून, देवमाशाची चरबी जाळत बसले. तिथला सूर्य एकदा गेला की महिनोन् महिने तोंड दाखवत नाही. थंडी अशी, की जो आडवा झाला तो उठलाच नाही. दोघे तसेच गेले.

मग हिरोजीने उरलेल्यांना रांगेत बसवलं आणि हातात एकेक फळी दिली. "चला, माज्या गावाक जावया!" खोपीतच वल्हवणं सुरू झालं. गोरेसुद्धा 'हैय्या हो' ओरडू लागले. आज आफ्रिकेचं टोक आलं, आज एडन, असं तो रोज सांगायचा. खोपीत गावाकडे सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास सुटायचा, असं म्हणतात.

एके दिवशी रत्नागिरी मागे पडली. पुढे खारवेळीच! पांडूचे डोळे भरले. पण सूर्याचा पत्ता नव्हता, आणि घर आलं की माणसं फळ्या टाकून आडवी होणार, हे हिरोजीने ओळखलं. किनाऱ्यावर उभी असलेली बायको, येसू, त्याला लख्ख दिसत होती. त्याने मान वळवली.

"तांडेलानू, ही आपलीच खाडी मां?"

"मागे पडली, पांडू. माजा चुकला. वल्हव!"

दुसऱ्या दिवशी वळून पुन्हा खाडीशी आले, तो पुन्हा चुकला. एकवीस वेळा तो स्वतःच्या दारावरून पुढे गेला. बाविसाव्या दिवशी सूर्याची कोर दिसली आणि आठ जण नाचत बाहेर पळाले. हिरोजी फळी धरून बसूनच राहिला होता.

पांडू एकटा गावात परतला. येसूने एवढंच विचारलं, "मी दिसलंय त्येंका?"

"दर फेरेक," पांडू म्हणाला.

अजूनही खारवेळीत हंगामातली पहिली होडी परतताना सरळ खाडीत शिरत नाही. तोंडावरून पुढे जाते, मग वळते. किनाऱ्यावरच्या बायकांना हे ठाऊक असतं. तरी होडी पुढे गेली की त्या पदर तोंडाशी धरतात, आणि ती वळेपर्यंत सोडत नाहीत.