सोडून गेलेल्याचा नंबर

मला सासरी येऊन दीड महिना झाला होता, आणि माझे सासरे नाना एका ऑनलाइन कंपनीकडून ऊन-वाऱ्यावर बनणारी हिरवी वीज घ्यायला निघाले होते. एकदा होकार दिला की दोन वर्षं सुटका नव्हती. व्हिडिओ कॉलवर कंपनीचे डोंगरे साहेब कोट घालून सांगत होते, "चार हजार ग्राहक खूष आहेत! हवे तेवढे नंबर देतो."

नानांचं बोट 'मान्य' या बटणाकडे निघालं. त्यांच्यापुढे चहा ठेवत मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला सोडून गेलेल्या एखाद्याचा नंबर द्या ना."

साहेब हसले. "सूनबाई, विजेतलं तुम्हाला काय कळणार?"

"विजेतलं नाही कळत, पण स्थळाची चौकशी कळते. नानांनी दिलेल्या नंबरांवर माझ्या बाबांनी एकही फोन केला नाही. ते थेट नानांचं घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडे गेले."

साहेबांचं नेटवर्क अचानक बिघडलं आणि कॉल कट झाला. नानांनी बोट मागे घेतलं. चहा अर्धा संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, काय म्हणाला तो भाडेकरू?"

"म्हणाला, माणसं लाखमोलाची आहेत. फक्त कुणी गोड बोललं की नाना कशालाही हो म्हणतात, तेवढं मुलीला लक्ष ठेवायला सांगा."