शिळेपाशी सांगितलेले नाव

एकदा एक मनुष्य आपल्या आईला अरण्य दाखवायला निघाला. त्याचे नाव मुकुंद. बस आगारात वीस वर्षे वेळापत्रके आखण्यात त्याची हयात गेली होती. कोणती गाडी कुठे किती मिनिटे थांबेल हे तो झोपेतही सांगे, आणि घरचा कारभारही त्याच चालीने चाले. आई सुलोचनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच संप पुकारलेला. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच काय तो त्यांचा प्रवास उरला होता. डॉक्टर म्हणाले, "कुठे न्यायचं असेल तर यंदाच न्या." झाले! मुकुंदाने कंबर कसली.

त्या राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर एक वृद्ध राहत असत. सारा जन्म त्यांनी त्या जंगलाची राखण केली होती. लोक त्यांना आबा म्हणत. तरुणपणी मुकुंद त्यांच्या पायाशी बसून चार शहाणपणाच्या गोष्टी शिकला होता, म्हणून सहलीचा कागद घेऊन तो आधी त्यांच्याकडे गेला.

आणि कागद तरी केवढा! हातभर लांब. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधायचे, उचलायला दोन भोई. सव्वासातला प्रवेश. नऊ वाजता गुडघेदुखीची गोळी, त्याआधी दोन बिस्किटे. साडेदहाला कड्याचे टोक, जिथून सगळे अरण्य एका नजरेत दिसते. परवानगी, टोपी, गरम पाणी, आडोशाला धरायची चादर, सगळे नोंदलेले. नाव ठेवायला जागा नव्हती.

आबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "छान आहे. पण यात आईचं काय?"

"सगळं आईचंच तर आहे, आबा!" मुकुंद जरा दुखावलाच. त्याचे खोटे नव्हते. बिचाऱ्याने आईसाठी जिवाचे रान केले होते.

कागदाची घडी घालून आबांनी ती परत दिली. "मी येतो बरोबर," एवढेच म्हणाले.

ठरल्या दिवशी मंडळी सीमेवर पोचली. तिथे वाघदेवाची शेंदूर फासलेली शिळा होती. आत जाणाऱ्याने शिळेवर हात ठेवून आपले नाव सांगायचे आणि मगच पाऊल टाकायचे, अशी त्या अरण्याची रीत. पहिल्या भोयाने हात ठेवला, "मी लखमा." दुसरा म्हणाला, "मी देवू." आबांनीही आपले नाव सांगितले. मुकुंदाचा एक डोळा घड्याळावर होता. त्याने घाईघाईने शिळेला हात लावला आणि म्हणाला, "मी मुकुंद. आणि ही माझी आई, सुलोचना. चला, आधीच सात मिनिटं उशीर झालाय."

खुर्चीतल्या म्हातारीचे ओठ किंचित हलले. पण तोवर खुर्ची उचलली गेली होती. आबा शिळेपाशी क्षणभर रेंगाळले. मग मान खाली घालून मागोमाग चालू लागले.

ऊन चांगले वर आले होते. सागाचा पाचोळा घोट्याएवढा साचलेला. पाऊल पडले की करकर वाजे. नऊची गोळी दिल्यावर अर्ध्या तासाने मुकुंदाच्या ध्यानात आले की पक्षी गप्प झाले आहेत. एकही पाखरू बोलत नव्हते. नुसता पाचोळा वाजत होता. सवयीने तो मोजू लागला. दोन भोई, एक आबा, एक आपण. आईचे पाय तर अधांतरी. मग चार माणसांची पावले वाजायला हवीत.

पाच माणसांची वाजत होती.

त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. चौघे थांबले. मागे, खुर्चीच्या अगदी जवळ, आणखी एक पाऊल पडले आणि मग तेही थांबले. वळून पाहिले तर कोणी नाही.

"आई, बरी आहेस ना?"

"हो, बाळ."

"तहान लागली का? नाही ना? चला मग."

पुन्हा वाट सुरू झाली. थोड्या वेळाने लखमा हळूच म्हणाला, "दादा, आजी हलक्या झाल्या."

"बरंच आहे की! तुम्हाला श्रम कमी."

"बरं नाय, दादा," मागून देवू म्हणाला. "खांद्यावर काय लागंनाच झालंय. नुसती खुर्ची उचलल्यावानी वाटतंय."

मुकुंद धावत खुर्चीपाशी आला. शालीत आई होती. पण फार वेळा धुतलेल्या लुगड्याचा रंग जावा तशी फिकी झालेली. त्याने तिचा हात धरला. हाताला थंडावा लागला, हात लागला नाही. "आई!" तो ओरडला. "हो, बाळ," उत्तर आले, पण ते तिच्या तोंडून आले की झाडांमागून, हे त्याला सांगता येईना. माझ्या आईला मी कुठे घेऊन आलो!

"माघारी फिरवा!" तो किंचाळला.

"खुर्ची खाली ठेवा," आबा म्हणाले. "आता सगळ्यांनी वीस पावलं दूर व्हा आणि पाठ करून उभे राहा."

"आबा, वेड लागलंय का तुम्हाला? तिला एकटीला टाकून?"

"पाठ कर, मुकुंदा. आणि काही झालं तरी तिच्यासाठी तोंड उघडू नकोस."

त्यांचा शब्द मोडायची हिंमत मुकुंदाला नव्हती. तो दूर जाऊन पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे पाचोळा वाजू लागला. पावले खुर्चीभोवती फिरत होती, सावकाश, बाजारात घ्यायचे जनावर कोणी चहूबाजूंनी पाहून घ्यावे तशी. मुकुंदाने ओठ दातांखाली इतके दाबले की रक्त आले.

आबांनी अरण्याकडे तोंड करून विचारले, "कोण आलंय?"

पावले थांबली. मग एक आवाज आला, घोगरा, न वापरलेला.

"मी बकुळा."

मुकुंदाने हे नाव जन्मात ऐकले नव्हते.

"तात्या खोतांची बकुळा. सुलोचना माझं सासरचं नाव. लग्नात बदललं, मला कोणी विचारलं नाही. माहेर बुडालं, मग हाक मारणारं कोणी उरलंच नाही." आवाज हळूहळू भरत चालला होता. "आणि मला त्या कड्यावर जायचं नाही. उंचावर मला भोवळ येते, लहानपणापासून येते. मला इथं खाली बसायचंय, मातीवर. दोन वर्षं झाली, जमिनीला हात लागला नाही माझा."

पाचोळ्यात एक पाऊल मागे सरकले. मग दुसरे. करकर दूर दूर जात कड्याच्या दिशेने नाहीशी झाली, आणि कुठेतरी एक होला पक्षी घुमू लागला.

मुकुंद वळून धावला. त्याने आईला काखेत धरून उचलले आणि तिच्या वजनाने तो अक्षरशः वाकला. इतके जड काही त्याने कधी आनंदाने उचलले नसेल. दोघा भोयांच्या मदतीने त्याने तिला एका मोहाच्या बुंध्याला टेकवून खाली बसवले, पाय लांब करून. मग तो लहान मुलासारखा हमसाहमशी रडला.

"काय होतं ते, आबा?"

आबा म्हणाले, "अरे, त्या शिळेपाशी माणूस आपलं नाव आपण सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून नाव सांगतात ते बळीच्या बोकडाचं. त्याला वाचा नसते, म्हणून वाहणारा त्याच्या वतीने बोलतो, आणि मग त्याला कड्यावर नेतात. तू प्रेमानेच बोललास, यात शंका नाही. पण अरण्याला प्रेम कुठून कळणार? त्याने एवढंच ऐकलं की हा कोणाला तरी वाहायला आलाय."

"मग तुम्ही तिथेच का नाही अडवलंत मला?"

"अडवलं असतं, तर तिच्या वतीने मी बोललो असतो. तू एकट्याने वाहिली होतीस, मग दोघांनी वाहिली असती."

मुकुंद खाली मान घालून उभा राहिला. आई मूठभर पाचोळा घेऊन बोटांनी चुरत होती. खालची माती तिने नाकाशी नेली, हुंगली. साडेदहा केव्हाच वाजून गेले होते.

"उठायचं का ग आता?" त्याने विचारले.

ती लगेच बोलली नाही. मुकुंदाच्या जिभेवर तीन उत्तरे तयार होती. तिन्ही त्याने गिळली. वाट पाहणे इतके अवघड असते हे त्याला ठाऊकच नव्हते.

"नाही," आई म्हणाली. "आणि तू असा माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस. बस."

तो बसला.

आपल्याही घरात खुर्चीत बसलेले कोणी असेल, तर त्याच्या वतीने "हो" म्हणण्याआधी जरा थांबावे. कोण ऐकत असते, सांगता येत नाही.