देवाला फुटलेला घाम

चंदनगडच्या राजा रणधवलाला खेळात हरणंच जमेना, आणि त्या दुःखानं त्याच्या घशाखाली घास उतरेना!

खेळ होता सोंगपटाचा. चौरंगावर मातीची माणसं मांडायची, खेळणाऱ्यानं एखादं सोंग घ्यायचं, सूत्रधारानं गोष्ट सांगत संकटं आणायची, आणि फासे टाकून त्यातून सुटायचं. जिंकलं की सोंगाचं बळ वाढे. राजानं सुरुवातीला साध्या गुराख्याचं सोंग घेतलं होतं. त्यानं वाघ मारला, सेनापती झाला. राक्षस मारले, इंद्र झाला. मग इंद्रपदही अपुरं वाटायला लागलं आणि तो देवांचा देव होऊन बसला. आता फासे कसेही पडोत, राजाच जिंके. दरबारी टाळ्या वाजवत आणि राजा जांभया देई.

"सूत्रधारच नालायक!" असं म्हणून राजानं खेळ चालवणाऱ्या म्हाताऱ्या नागोजी बहुरूप्याला कोठडीत टाकलं आणि दवंडी पिटवली, "सोंगपटाला नवे नियम हवेत! माझ्या देवाला काही अशक्य नसावं, त्याला कुणी हरवू नये, आणि तरीही खेळताना माझ्या कपाळावर घाम यावा! असे नियम मिळेपर्यंत नागोजी आतच!"

आधी आले त्रिविक्रमशास्त्री, बैलगाडीत पोथ्या घालून. राजा म्हणाला, "मी वज्र फेकलं!" शास्त्रीबुवा पानं चाळू लागले. वज्र उजव्या हातानं की डाव्या? वारा कुठून? शत्रूचं गोत्र कोणतं? राजा जेवला, वामकुक्षी करून उठला, तेव्हा कुठे शास्त्रीबुवा म्हणाले, "लागलं!"

"कुणाला?"

"ते दुसऱ्या खंडात आहे, महाराज!"

मग राजकवी पुढे आला. "नियमच नकोत! महाराज बोलतील ते होईल."

"मी जिंकलो."

"वाहवा!"

"पुन्हा जिंकलो."

"वाहवा, वाहवा!"

राजानं त्याच्याकडे असं पाहिलं, की कवी वाहवा करतच दाराबाहेर गेला.

सेनापतीनं हजार तोंडांचा राक्षस आणला. राजानं आपल्या देवाला दहा हजार हात लावले. सेनापती लाखावर गेला, राजा कोटीवर. संध्याकाळपर्यंत दोघं नुसती शून्यं वाढवत बसले होते.

शेवटी आली नागोजीची मुलगी गजरा. गावोगाव सोंगं काढून पोट भरणारी, तोंडानं फटकळ. आली ती रिकाम्या हातानं.

"पोथी कुठंय?" राजानं दरडावलं.

"पोथी पुजाऱ्याला लागते महाराज, देवाला कशाला? माझा नियम एकच. देव म्हणेल ते तिथल्या तिथं होणार, फासेसुद्धा टाकायला नकोत. फक्त एकदा केलेलं परत घ्यायचं नाही."

"म्हणजे माझ्या बळाला कुंपण घालतेस?"

"छे, छे! शब्द फिरवणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. महाराजही त्यांच्यातलेच असतील तर सांगा, आत्ता नियम बदलते!"

दरबारात कुणीतरी उगाच खोकलं. राजा लाल झाला. "मांड खेळ!"

गजरानं मातीची माणसं मांडली. "ही पांगारवाडी. तुमच्या देवाचं देऊळ इथंच. भक्त म्हणतायत, देवा, साथ आली, माणसं पटापटा मरतायत."

"आजपासून पांगारवाडीत कुणी मरणार नाही!"

"झालं! देवळात पहिला नारळ गावातल्या साळूबाईनं फोडला." गजरा पुढे सरकली. "आता बरीच वर्षं लोटली. आजोबा खाटेवर आहेत, पणजोबा आहेत, खापरपणजोबाही आहेत. घरोघरी म्हाताऱ्यांची रांग, आणि प्रत्येकजण म्हणतो, घरात माझंच चालणार!"

"सगळ्यांना तरुण करून टाकलं!"

"झाले! आता नातवासाठी बघितलेल्या मुलीला आजोबाच मागणी घालतायत. गावभर काठ्या निघाल्यात. मरत कुणीच नाही, त्यामुळे मारामारी संपतही नाही!"

"भांडण बंद! कुणी कुणाचा शब्द मोडणार नाही!"

"मोडत नाहीत! एक म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. दुसरा म्हणतो, छे, तुम्ही म्हणाल तसं. आधी कुणाचं शेत नांगरायचं तेच ठरेना. पेरणी टळली. पोटात आग आहे आणि मरण नाही. सगळी पांगारवाडी देवळासमोर उभी आहे. पुढे साळूबाई. कडेवर पोर घेतलंय, ते रडतंय. ती विचारतेय, देवा, आता काय?"

राजानं तोंड उघडलं. मिटलं. साळूबाईची बाहुली उचलली, हळूच खाली ठेवली. "मी..." म्हणाला आणि थांबला. आता जे बोलेल ते होणार होतं! राजाच्या कपाळावरून एक थेंब ओघळला आणि टपकन चौरंगावर पडला.

"महाराज, घाम!" प्रधान ओरडला.

राजा ताडकन उठला. "दगा! पोरी, तू मला हरवलंस! माझी अट मोडलीस!"

"हरवलं?" गजरानं कमरेवर हात ठेवले. "तुम्ही म्हणालात ते दरवेळी झालं. एकदाही हरला नाहीत, महाराज. घाम त्याचाच आहे!"

राजा पुन्हा खाली बसला. मग त्याच्या पोटातून जे हसू फुटलं, त्यानं मुकुट तिरका झाला. हसता हसताच त्यानं नागोजीला सोडायचा हुकूम दिला आणि सूत्रधाराचं आसन गजराकडे सरकवलं.

"पण ते पोर अजून रडतंय ना गं?" तो हळूच म्हणाला. "सांग, आता मी काय करू?"

"विचार करा, महाराज. देव पहिल्यांदाच करतोय, वेळ लागायचाच!"

दरबार गारठला. राजा मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं गजराच्या ओंजळीत टाकलं.