तिसरा रकाना

डोंगराच्या पायथ्याशी रानफुलांची चित्रे आणि नोंदी करणारी एक संस्था होती. तिथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जाई, आणि तो सांगताना सांगणाऱ्याची तर्जनी आपोआप वर जाई. ‘दोहोंतून एकाची निवड करायची असेल, तर फळ्यावर तक्ता मांडावा. ज्याच्या वाट्याला खुणा अधिक, ते स्वीकारावे. तक्त्याला प्रश्न विचारू नये.’

नियम जुना होता. त्याच्याच आधारे संस्थेने पाण्याची टाकी निवडली होती, स्वयंपाकी निवडला होता आणि एका वर्षी तर समारंभाचा अध्यक्षही निवडला होता. टाकी गळत होती आणि अध्यक्ष व्यासपीठावर झोपले होते. तरी नियमाला कुणी बोल लावला नव्हता.

या संस्थेत उत्तरा नावाची शिष्या चार वर्षे शिकत होती. तिचे गुरू म्हणजे वृद्ध आचार्य. त्यांना सगळे नाना म्हणत. चाळीस वर्षे नानांनी सह्याद्रीतली फुले कागदावर उतरवली होती. त्यांची रेघ अशी, की पाकळीवरची लवसुद्धा बोटाला जाणवावी. पण गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. भाद्रपद संपता संपता त्यांच्या जागी कुणाला तरी नेमायचे होते. उमेदवार दोनच होते, उत्तरा आणि तिच्याहून तीन वर्षे आधी आलेला श्रीनिकेत. ही जागा उत्तराला मनापासून हवी होती, आणि ते तिने लपवलेही नव्हते.

त्याआधी एक वेगळीच निवड उभी राहिली. डोंगरमाथ्यावरच्या कातळाला तिथे सडा म्हणतात. पावसाळ्यात या सड्यावर फुले उमलतात, आणि तेव्हाच तिथे दाट धुके असते. त्या धुक्याने कागद ओला होतो, शाई पसरते आणि सकाळभराचे काम वाया जाते. म्हणून कागदाऐवजी टॅब्लेट घ्यायचे ठरले. शहरातला एक व्यापारी दोन उंची टॅब्लेट घेऊन आला. एक चंदेरी, एक काळा. दोन्ही एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी.

बापूसाहेब आणि इंदुताई हे दोघे संस्थेचे विश्वस्त. त्यांनी लगेच फळ्यावर तक्ता आखला. डावीकडे गुणांच्या ओळी आणि पुढे दोन रकाने.

“चंदेरीचा कीबोर्ड बघा,” बापूसाहेब म्हणाले. “चुंबकाने चिकटतो, खाली टचपॅडही आहे. कोण म्हणेल हा लॅपटॉप नाही?”

“काळ्याला मागे टेकण आहे,” इंदुताई म्हणाल्या. “शिवाय चार विंडो शेजारी शेजारी उघडतात. मोठा मॉनिटरही जोडता येतो.”

“पण मांडीवर घेतला की डुगडुगतो तो.”

“मग मांडी हलवू नका, बापूसाहेब.”

व्यापारी दोन्ही बाजूंना मान डोलावत होता. “साहेब, मी काय म्हणतो, दोन्ही लॅपटॉपच्या तोंडात मारतील असे आहेत!”

उत्तरा दारात उभी होती. “मी एक विचारू का?”

“तक्त्याबद्दल?”

“हो.”

“मग नको,” बापूसाहेब म्हणाले.

तिने तरी विचारलेच. “यांच्यावर फूल कसं निघतं, ते बघितलंत का कुणी?”

बापूसाहेबांनी फळ्याकडे बोट दाखवले. “ती ओळ यात नाही, बाळा.”

“म्हणूनच विचारतेय.”

“उत्तरा,” इंदुताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “भाद्रपद जवळ आलाय. स्वतःबद्दल लोकांचं मत चांगलं राहील असं वाग.”

तीन दिवस वाद चालला. दोन्ही रकान्यांत सहा-सहा खुणा झाल्या. मग नवी ओळ निघाली, तिच्यातही दोघांना खूण मिळाली. एका चार्जिंगमध्ये कोण किती वेळ टाइप करू देतो, यावर बापूसाहेब आणि इंदुताई यांच्यात अर्धा दिवस अबोला राहिला. बाहेर सड्यावर फुले उमलत होती आणि कोमेजत होती.

चौथ्या दिवशी सकाळी नाना आले. त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेले काहीतरी होते. त्यांनी ते टेबलावर दोन्ही टॅब्लेटच्या मधोमध ठेवले आणि कापड सोडले. तो संस्थेचा जुना लॅपटॉप होता. उघडताना त्याची बिजागरी कुरकुरली. दोन कळा कधीच्याच गळून पडलेल्या होत्या.

कुणाशी काही न बोलता नानांनी खडू उचलला आणि थरथरत्या हाताने फळ्यावर तिसरा रकाना आखला. मग ते एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले.

“कीबोर्ड? आहे. थोडा बोळका आहे, पण आहे.” त्यांनी खूण केली. “टचपॅड? आहे. विंडो? हव्या तेवढ्या. मॉनिटर जोडता येतो? येतो. मांडीवर स्थिर राहतो? त्याचा तर जन्मच त्यासाठी.”

ओळी संपल्या. त्या दोघांपैकी कुणाला ना कुणाला जिथे जिथे खूण नव्हती, तिथेही याला होती.

“तुमच्या तक्त्याप्रमाणे हा जिंकला,” नाना म्हणाले. “शेठजींना चहा द्या आणि निरोप द्या.”

व्यापाऱ्याला हसू आवरेना. बापूसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. “नाना, थट्टा करताय का? हा टाकाऊ झाला म्हणून तर नवं घेतोय!”

“थट्टा मी नाही केली. तीन दिवस तुम्ही या दोघांना एकच प्रश्न विचारताय, तू लॅपटॉपसारखा किती? त्या प्रश्नाचं सगळ्यात चोख उत्तर लॅपटॉपच देणार ना? पत्रव्यवहार करायचा असता, तर याच ओळी योग्य होत्या. पण आंब्यांच्या टोपलीत हात घालून कुणी ‘यातला जास्त फणसासारखा कुठला?’ असं विचारत नाही. वस्तूची पारख करायची, तर ती ज्या कामासाठी आणली, त्या कामापाशी तिला न्यावं. दुसऱ्याच्या गुणांनी मोजलं, की तिचा स्वतःचा गुण मोजायचाच राहतो. आपल्याला सड्यावर पालथं पडून आभाळीचं फूल काढायचंय. उद्या दोन्ही घेऊन वर चला.”

दुसऱ्या दिवशी सगळे वर गेले. आभाळी हे बोटभर उंचीचे जांभळे-निळे फूल. सकाळी उमलते आणि दुपारी मिटून जाते. ते काढायचे तर ओल्या कातळावर पालथे झोपून, एका कोपरावर भार देऊन, दुसऱ्या हाताने काढावे लागते. उत्तराने दोन्ही टॅब्लेट आळीपाळीने हाती घेतले. चंदेरीच्या काचेवर धुक्याचे थेंब पडले, की कुणी न काढताच रेघा उमटू लागत. काळ्यावर पेनशिवाय बाकी सगळा स्पर्श बंद करता येत होता. थेंब पडोत की ओला तळवा टेको, रेघ ढळत नव्हती. निवड पाव तासात झाली. दोन्ही कीबोर्ड जीपमध्येच राहिले होते, आणि त्यांची कुणाला आठवणही झाली नव्हती.

उत्तरा दुपारपर्यंत वर थांबली. तिने उमललेले फूल काढले, त्याच्या केसरांशी झटणारी माशी काढली, आणि त्याच पानावर दुपारी मिटलेले तेच फूलही काढले. म्हशी चारायला आलेल्या एका बाईने त्या फुलाला वेगळेच नाव सांगितले. तेही तिने खाली लिहिले.

नानांनी चित्र बराच वेळ पाहिले. “रेघ चांगली आहे,” ते म्हणाले. “पण फूल एकटंच काढायचं असतं, उत्तरा. उमललेलं.”

“का, नाना?”

“तशी पद्धत आहे.”

उत्तराने मान हलवली, पण माशी पुसली नाही.

असे दृष्टांत इथेच संपवण्याची रीत आहे. म्हातारा शहाणा ठरतो, बाकीचे खाली मान घालतात आणि ऐकणारे प्रसन्न होऊन घरी जातात. पण दिवा दुसऱ्याच्या अंगणात धरणाऱ्याच्या स्वतःच्या पायाशी अंधार असू शकतो. इथेही होता.

त्याच आठवड्यात नानांचा वारस निवडायची सभा बसली. फळ्यावर पुन्हा तक्ता होता. रकाने दोन, उत्तरा आणि श्रीनिकेत. डावीकडच्या सात ओळी थरथरत्या अक्षरात लिहिलेल्या होत्या. ते अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे होते.

पहिली ओळ, नानांसारखी रेघ. दुसरी, नानांसारखे अक्षर. तिसरी, नानांप्रमाणे शास्त्रीय नावे मुखोद्गत. पुढच्या तीन ओळीही त्याच वळणाच्या. सातवी, ‘नोंदी नानांच्याच पद्धतीने चालवण्याची तयारी’.

इंदुताई खुणा करत गेल्या. सहा ओळी झाल्या तेव्हा श्रीनिकेतच्या पाच खुणा होत्या आणि उत्तराच्या सहा.

“वा!” बापूसाहेब खुशीत म्हणाले. “ही म्हणजे नानांचीच दुसरी प्रत. डोळे मिटून रेघ बघावी, तर वाटावं नानांनीच काढली.”

“डोळे मिटून रेघ कशी बघतात, बापूसाहेब?” उत्तराने विचारले.

“बघा, जीभही नानांचीच!”

सगळे हसले. नानाही हसले. इंदुताईंनी सातव्या ओळीवर खडू टेकवला. “ही शेवटची. तुझी तयारी आहे ना? हो म्हण, की झालं.”

एका शब्दाचे अंतर होते. चार वर्षे तिने ज्याचा ध्यास घेतला होता, ते तिथे फळ्यावर होते. उत्तरा उठली आणि फळ्यापाशी गेली. इंदुताईंच्या हातातला खडू घेऊन तिने तिसरा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिले, नाना.

“हे काय चाललंय?” बापूसाहेब म्हणाले.

“नानांसारखी रेघ?” ती वाचू लागली. “आहे. नानांसारखं अक्षर? आहे.” ती ओळीओळीने खाली आली. “नोंदी नानांच्याच पद्धतीने चालवायची तयारी? कुणाची नसेल एवढी आहे.” सात ओळी झाल्या, सात खुणा झाल्या. ती वळली. “नाना जिंकले. अभिनंदन, नाना.”

कुणी हसले नाही.

“अगं, पण त्यांचा हात आता चालत नाही, म्हणून तर ही सभा,” इंदुताई म्हणाल्या.

“तेच म्हणतेय मी. तुम्हाला नानांचा न थरथरणारा हात हवाय. माझ्याकडे तो नाही. माझ्याकडे माझा आहे.”

“बस खाली,” बापूसाहेब म्हणाले. “तक्त्याला प्रश्न विचारायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला.”

“त्या दिवशी नानांनी विचारला, तेव्हा तुम्ही त्यांच्या मागोमाग सड्यावर आलात.” मग ती नानांकडे वळली. तिचा आवाज चढला होता, पण शब्द अडखळत नव्हते. “नाना, त्या टॅब्लेटला तुम्ही या फळ्यावरून सोडवलंत. तुम्हीच म्हणालात, दुसऱ्याच्या गुणांनी मोजू नये. आणि चार दिवसांत आम्हा दोघांसाठी स्वतःच्या हाताने याच ओळी लिहिल्यात? काचेच्या पाटीला जो न्याय, तो आम्हाला नको?”

नानांची नजर फळ्यावरच्या स्वतःच्या अक्षराकडे गेली.

इंदुताई तिच्या जवळ आल्या. त्यांचा स्वर आता खरोखर मायेचा होता. “उत्तरा, वेडेपणा करू नकोस. आत्ता हो म्हण, जागा हातात घे. मग हळूहळू कर तुला हवं ते.”

“हळूहळू कुणी करत नाही, ताई. विश्वस्त झाल्यावर तुम्ही काही बदललंत?”

इंदुताई परत आपल्या खुर्चीकडे गेल्या.

कोपऱ्यातून श्रीनिकेतचा आवाज आला. इतका वेळ त्याच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. “शाळेत माझं अक्षर वेगळं होतं,” तो म्हणाला. “सात वर्षांत मी ते बदललं. आता जुनं काढायला गेलो, तरी येत नाही.”

उत्तराने त्याच्याकडे पाहिले. मग तिने खडू टेबलावर ठेवला.

“सातव्या ओळीला माझं उत्तर नाही असं आहे. आणि वरच्या सहा खुणाही मला नकोत. या फळ्यावर पहिली येऊन मिळणार असेल, तर ही जागा मी घेणार नाही. मी दुपारी मिटलेलं फूल काढणार, त्याच्यावर बसलेली माशी काढणार, म्हशीवाल्या बाईने सांगितलेलं नाव लिहिणार. ते बघायचं असेल, तर सड्यावर या. श्रीनिकेतचंही तिथेच बघा. त्यात तो सरस ठरला, तर त्याच्या सामानाचा पेटारा मी स्वतः वर वाहून नेईन.”

बापूसाहेबांनी नियम सांगण्यासाठी तर्जनी उचलली. ती थोडा वेळ हवेत राहिली आणि मग टेबलावर आली.

नाना उठले. फळ्यापर्यंत जायला त्यांना वेळ लागला. आपण लिहिलेल्या ओळी त्यांनी पहिलीपासून सातवीपर्यंत वाचल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी थरथरता तळवा फळ्यावर टेकवला आणि वरून खाली ओढत नेला. ओळी गेल्या, खुणा गेल्या, ‘नाना’ लिहिलेला रकाना गेला. दोन नावे तेवढी राहिली, आणि त्यांच्याखाली मोकळा काळा फळा.

हात झटकून ते आपल्या जागी येऊन बसले.