‘जरा’ न म्हणण्याचा दिवस

फार वर्षांपूर्वी, आपल्या हिरडेवाडीला गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. बसा. जांभई आली तर खुशाल द्या, गोष्टच तसली आहे.

तेव्हा गावात रखमाजी वैद्य होते. सगळे त्यांना वैदबाबा म्हणत. हाताला गुण होता, पण तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. तिथंच घात झाला बघा. वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची आणि दारात उभी राहून एकच म्हणायची, “वैदबाबा, जरा बघता का?” कुणाचं जरा पोट, कुणाची जरा कंबर. पोथीत ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. लोकांच्या या जरा-जरानं वैदबाबा ऐन चाळिशीत म्हातारे झाले, असं म्हणतात.

झोप रोज तिन्हीसांजेला त्यांच्या दारी यायची. हिरवं लुगडं नेसून, अगदी बाईमाणसासारखी. वैदबाबा म्हणायचे, “बाई, ओट्यावर टेक. एवढा एक आजारी बघतो, आलोच.” ती बिचारी बसायची. तो एक जाईपर्यंत दुसरा यायचा. तिच्या बसण्यानं ओट्यावरून जाणाऱ्या मांजरालाही पेंग यायची. वळचणीचे कावळे टपाटप खाली पडून घोरायचे, असं म्हणतात. खरंखोटं कावळे जाणोत.

मग एका वर्षी तापाची साथ आली. घरोघरी माणसं तळमळत होती, औषध पोटात ठरत नव्हतं. वैदबाबा ओट्यावर आले नि म्हणाले, “बाई, माझं राहू दे. त्यांच्या उशाशी जरा बसतेस?” बघा, त्यांनीही ‘जरा’च म्हटलं!

झोप म्हणाली, “मी तुझ्या वाट्याची आहे, वैद्या. वाटलीस तर संपेन.”

“बघू मग,” ते म्हणाले.

ती उठली. ज्याच्या उशाशी बसली तो गाढ झोपला, घामानं भिजला आणि बरा होऊन उठला. साथ हटली. झोप परत आली तेव्हा पार विरून गेली होती, एका डुलकीपुरती उरली होती.

वैदबाबा भरदुपारी ओट्यावर आडवे झाले. झोपेनं त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला, तोच चंद्राई गवळण दारात. “वैदबाबा, जरा काटा रुतलाय हो.”

अरेरे! त्यांनी डोळे उघडले. काटा काढला, “जा पोरी” म्हणाले. मागं वळून बघतात तर झोप संपलेली. खांबाला टेकून बसले ते बसलेच. गेले.

डोळे मात्र उघडे. भावानं मिटले, पुन्हा उघडले. भटजींनी मंत्र म्हणून मिटले, तरी उघडले. गाव रडून रडून थकलं. अशात परगावचा एक जण, काही ठाऊक नसलेला, खोकत आला आणि दारातूनच म्हणाला, “वैदबाबा, जरा...” त्या मेलेल्या डोळ्यांची बुबुळं दाराकडे वळली, असं म्हणतात.

तशी चंद्राई लंगडत उठली आणि दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “आज नाही. वैदबाबा झोपलेत.”

आणि डोळे आपोआप मिटले.

तेव्हापासून वैदबाबांच्या तिथीला, पौषातल्या वद्य अष्टमीला, हिरडेवाडीत कुणी ‘जरा’ म्हणत नाही. भाजी अळणी झाली तर जरा मीठ मागायचं नाही, गुपचूप गिळायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना त्याच ओट्यावर घोंगडी अंथरून देतात. जिवावरचं दुखणं असेल तर उठवायचं, त्याला बंदी नाही. बाकी सगळ्यांना चंद्राईच्या घरातली बाई दारातूनच परत पाठवते.

आताच्या डॉक्टरीणबाई पहिल्या वर्षी नुसत्याच लाजून बसून राहिल्या. गेल्या वर्षी मात्र बाळंतपणं करून करून पार पिट्ट्या पडला होता पोरीचा. मला खोकल्याची उबळ आलेली, म्हणून सवयीनं तिकडे गेले. चंद्राईच्या घरची सून काही बोलायच्या आतच ओट्यावरून घोरणं ऐकू आलं. काय सांगू, इतकं बरं वाटलं! तोंडात पदर कोंबला आणि आल्या पावली घरी परतले.