कुजका दोर आणि नीलव्वा

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरांना तेव्हा नावं पडली नव्हती, पण राज्यांच्या सीमांवर पहारे मात्र बसले होते. अशाच एका राज्यात दगडाची मोठी खाण होती. राणीच्या नव्या पुलासाठी तिथून दगड निघे.

खाणीत काही मजूर त्याच मुलखातले. त्यांच्या गळ्यात राज्याचा तांब्याचा बिल्ला असे. बाकीचे बिनबिल्ल्याचे, दुष्काळाला कंटाळून खिंड ओलांडून आलेले. बिनबिल्ल्याचं माणूस सापडलं की कोतवाल त्याला सीमेपार सोडून येई.

नीलव्वा खिंडीपलीकडची. घण मारण्यात तिचा हात धरणारं खाणीत कुणी नव्हतं.

मजुरांना कड्यावरून खाली सोडायचा दोर फार जुना झाला होता. राबणाऱ्या प्रत्येकाला धड दोर मिळालाच पाहिजे, असा राणीचा कायदा होता. नीलव्वाचा दीर इरप्पा यानं नवा दोर मागितला, तेव्हा मुकादम हसला आणि कोतवालाला निरोप धाडू का, एवढंच त्यानं विचारलं. इरप्पा तोच दोर कमरेला बांधून उतरत राहिला. पुढे दोराचा एक पदर तुटला, इरप्पा खडकावर आपटला आणि जन्माचा लंगडा झाला. दारू पिऊन पडला, असं मुकादमानं पसरवलं. इरप्पा दारूला शिवत नसे. नीलव्वानं तेही मान खाली घालून ऐकून घेतलं. बिल्लेवाल्यांना वाटलं, आपल्याला काय त्याचं?

पण गप्प बसणाऱ्यांना जो दोर चालतो तो सगळ्यांनाच चालेल, असं मुकादमाला वाटू लागलं. एके सकाळी तोच दोर, तुटल्या पदराला गाठ मारून, हैबतीच्या कमरेला बांधला गेला. हैबती तर बिल्लेवाला.

गाठीजवळचे पिंजलेले धागे नीलव्वाला दिसले. बोललं तर लंगड्या दिराला घेऊन उपाशी मुलखात परतावं लागणार. तरी ती पुढे झाली, दोराच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसली आणि या दोरावर आता कुणीच उतरणार नाही, असं तिनं मुकादमाला तोंडावर सांगितलं.

मुकादमानं खरोखरच कोतवालाला बोलावलं. कोतवालानं बिल्ला मागितला. नीलव्वा जागची हलली नाही.

"बिल्ला माझ्याकडं नाही, आणि हा दोर कुजलेला आहे," ती म्हणाली. "दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आधी कुठली बघायची, ते तुम्ही ठरवा."

हैबतीनं कमरेची गाठ सोडली आणि तो तिच्या शेजारी जाऊन बसला. "कोतवालसाहेब, ही गप्प राहिली असती, तर आज तुम्हाला माझं मढं उचलायला यावं लागलं असतं."

मग एकेक करत सगळी खाण खाली बसली. घणांचा आवाज थांबला.

कोतवालानं माणसाच्या वजनाचा धोंडा दोराला बांधून कड्यावरून सोडायला लावला. धोंडा अर्ध्यावर पोचला नाही तोच दोर तुटला. खालून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. मुकादमानं मान फिरवली.

कोतवालानं नीलव्वाला राणीपुढे नेलं, पण फिर्यादी म्हणून. राणीनं इरप्पालाही बोलावून सगळं ऐकलं. मुकादमाला तिनं खाणीतून हाकललं आणि इरप्पाच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. बिल्ल्याचा नियम तिनं मोडला नाही. पण दवंडी पिटवली, की जिवाच्या धोक्याची फिर्याद करणाऱ्याला बिल्ला विचारायचा नाही, आणि जो कोतवालाचं भय घालून मजुराचं तोंड दाबेल, त्यालाच सीमेपार व्हावं लागेल.

दुसऱ्या दिवशी नीलव्वा खाणीवर गेली तेव्हा बिल्लेवाल्यांनी बाजूला सरून तिला वाट दिली. नव्या दोराची पहिली गाठ तिनंच आवळून पाहिली. तिची मान त्या दिवशी ताठ होती, आणि पुढे ती कधी झुकली नाही.

जाणती माणसं म्हणून सांगतात: भय घालून एकाचं तोंड बंद केलं, की धोका सगळ्यांच्याच जिवाला होतो.